भोंग्याचा खांब

वर्गात चोवीस मुलं होती, दोघांत एक असे बारा टॅब, भिंतीवर एक मोठा पडदा आणि कपाटावर वाय-फायचं खोकं. त्याचा हिरवा दिवा लागलाय ना, हे मीटरबाई तास सुरू करण्याआधी बघून घेत. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. विज्ञानाची पदवी घेऊन नुकत्याच शिकवायला लागलेल्या या बाईंना दिसेल ते मोजायची खोड होती. "बाई, तुम्ही शिंकसुद्धा मोजली असेल," असं मुलं चिडवायची. मोजली आहे, नव्वद डेसिबल भरली, असं बाई हसू दाबून सांगायच्या.

चोविसांत एक त्यांची भाची होती. थोरली बहीण नोकरीसाठी दूरदेशी गेलेली. निघताना लेकीचा हात धाकटीच्या हातात देऊन म्हणाली होती, "माझा जीव तुझ्याजवळ ठेवून चाललेय." शाळेत भाची 'बाई' म्हणायची, फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'मावशी'. रोज संध्याकाळी फोनवर तिघींच्या गप्पा व्हायच्या. म्हणजे भाची बोलायची आणि दोघी बहिणी ऐकायच्या.

त्या दिवशी ध्वनीचा धडा होता. बाईंनी एक मोफत संकेतस्थळ शोधून ठेवलं होतं. टॅबच्या माइकला जो आवाज ऐकू येईल, तो पडद्यावर त्या टॅबच्या रंगीत खांबात दिसायचा. आवाज चढला की खांब चढायचा, सोबत डेसिबलचा आकडाही. मुलं एकेक करून ओरडली. तोंडाचा चंबू करणाऱ्या लाजाळू मुलीचासुद्धा खांब वर गेला.

मग खिडकीजवळ बसणाऱ्या, वर्गाने 'भोंगा' नाव ठेवलेल्या मुलाची पाळी आली. वर्गातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. हजेरीला तो 'हजर' म्हणाला की खालच्या मजल्यावरचे शिपाईकाका मान वर करत. त्याने छाती भरून घेतली आणि असा ओरडला की शेजारच्या मुलाने कान झाकले.

खांब जागचा हलला नाही.

"भोंग्याची वीज कापली," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खदखदून हसला, आणि सगळ्यांत जास्त भोंगा.

बाईंनी टॅब बदलून पाहिला. बाक बदलून पाहिला. पंख्याची घरघर टॅबला ऐकू येत होती, भोंगा येत नव्हता. बाई मनातून खूश झाल्या. पाठ्यपुस्तकात नसलेला प्रश्न आयता हाती आला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्यांच्या अंगात भिनलेला. म्हणून ठरलं: बाक भोंग्याचाच, टॅब त्याचाच, वाक्यही एकच, 'आवाजाला प्रवासासाठी माध्यम लागतं'. बदलेल फक्त मूल.

मुलं रांगेने आली, भोंग्याच्या जागी बसली, वाक्य वाचून उठली. भाची अगदी शेवटी होती. का कोण जाणे, बाई तिला म्हणाल्या, "तू राहू दे."

"का? मी तुमची म्हणून?"

वर्ग बघत होता. बाईंना ओशाळल्यासारखं झालं. प्रयोगात नातं बघत नाहीत, असं त्या म्हणाल्या आणि भाची बाकावर बसली. सगळ्यात शेवटी, संच पुरा व्हावा म्हणून, बाईंनी स्वतः तिथे बसून ते वाक्य वाचलं. भोंगा सोडून प्रत्येकाचा खांब चढला होता. दोष टॅबचा नाही आणि बाकाचाही नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि तास संपवला.

काही दिवसांनी भोंग्याची आई फाटकापाशी भेटली. घर डोक्यावर घेणारा पोरगा हल्ली तोंडाला कुलूप लावून बसतो, शाळेत काही झालं का, असं ती विचारत होती. भोंगा तिच्या शेजारीच उभा होता. "आई, मी बोलतोय," तो म्हणत होता. पुन्हा पुन्हा, मोठ्याने, तिची बाही ओढत. बाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. आईने बाही सोडवून घेतली आणि म्हणाली, "बघा ना बाई, नुसता टकामका बघत असतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा खांब लावले. भोंग्यानंतर जो मुलगा त्या बाकावर बसला होता, त्याचा खांब चढला नाही. त्याच्यानंतर बसलेल्या मुलीचाही नाही. पुढे रोज दोनचार खांब निजत गेले, आणि ते ज्या क्रमाने मुलं बाकावर बसली होती त्याच क्रमाने.

बाईंनी तो बाक अडगळीत टाकला. टॅब बंद करून कपाटात ठेवला. भाचीला शाळेत येऊ दिलं नाही. घरीच सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या टॅबसमोर बसवून तिच्याकडून वाक्य वाचून घेऊ लागल्या. तिचा खांब चढायचा. तो चढल्याशिवाय बाई जेवायला बसत नसत.

पालकांच्या तक्रारी वाढल्या तसे मोठे सर वर्गावर आले. तोवर हजर असलेल्या सगळ्यांचे खांब निजले होते. सरांना पाहताच मुलं एकदम ओरडायला लागली. काही रडत होती. भोंगा बाकावर चढून, दोन्ही हात तोंडाशी धरून "सर, सर" करत होता.

सरांनी वर्गभर नजर फिरवली. "टाचणी पडली तरी ऐकू येईल," ते म्हणाले. "तक्रार कसली करतात लोक? भोंग्या, खाली उतर."

"सर, मुलं ओरडताहेत," बाई म्हणाल्या.

सरांनी त्यांना दाराशी बोलावलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, चार दिवस रजा घ्या."

आधी नुसत्या टॅबला ऐकू येईनासं झालं होतं, आता माणसांनाही. बाईंना ऐकू येत होतं, सरांना नाही. फरक एकच होता: त्या बाकावर बाई बसल्या होत्या.

त्या धावत घरी आल्या.

भाची फोनसमोर बसली होती. पडद्यावर बहीण होती. आपण काढलेल्या चित्राबद्दल भाची भरभरून सांगत होती, आणि बहीण, समोरचा काही बोलत नाही तेव्हा बघतात तसं, बघत होती.

"रुसलीय का गं ही?" बहिणीने विचारलं. "मघापासून तोंड उघडमीट करून माझी चेष्टा करतेय."

"ताई, ती बोलतेय."

बहिणीने फोन कानाशी नेला, पुन्हा समोर धरला.

"ताई?"

"आता तुझंही ऐकू येईना," बहीण म्हणाली. "नेट गेलं वाटतं. लावते परत." पडदा काळा झाला.

भाचीने मावशीचा हात धरला. "आईला का नाही ऐकू येत?"

बाईंनी टॅब टेबलावर ठेवला, पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली.

आधी दोघी श्वास रोखून गप्प बसल्या. चौतीस डेसिबल.

मग दोघींनी घसा फुटेस्तोवर हाक मारली. चौतीस डेसिबल.