पत्र्यावरचे तीन ठोके

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे उभी होते, आणि माझ्याबरोबर आणखी तीन माणसं होती. नांदुऱ्याजवळचं एक जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना. रात्र नव्हती. भर दुपार होती.

आधी बाबांचा शेवटचा साधा दिवस सांगते.

मी डबा घेऊन गेले होते. कापसाच्या मशीनचा पट्टा आणि चाकं उघडी होती. त्यांच्यावरची लोखंडी जाळी भिंतीला टेकून उभी.

"जाळी काऊन काढली, बाबा?"

"कापूस अडकला की लवकर निघते. साहेब तपासणीले आला की बसवतो. पावना आला की सतरंजी टाकतो ना आपण, तसं."

"अन् पावना बी फोन करूनच येते," रहेमतुल्लाचाचा म्हणाले. मशीनचं बटण त्यांच्याकडे असायचं.

दोघं हसले. मीही हसले.

मग बाबांनी पान्याने पत्र्यावर तीन ठोके दिले. बाकीच्या मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. तीन ठोके म्हणजे आत चाललो. बाहेर आले की एक, म्हणजे आता चालू करा.

दुसऱ्या दिवशी बाबा आत वाकलेले असतानाच मशीन सुरू झालं.

ठोके ऐकू आले नाहीत, एवढंच चाचा सांगू शकले.

तेरवीला मॅनेजर प्रेमानंद घरी आले. माझ्या भावाला ऑफिसात घेतो म्हणाले. जाळी बसवलेलीच होती, कडूबाने, म्हणजे माझ्या बाबांनी, कुणाला न सांगता उघडली, असंही म्हणाले.

ते गेल्यावर आईने माझा हात धरला. "तू काही बोलू नोको, वंदना."

मी बोलले नाही.

मग सरकारी निरीक्षक चौकशीला आले. मलाही बोलावलं होतं.

जिनिंग बंद होतं. मेन स्विच खाली. जाळी जागेवर, नव्या पिवळ्या रंगात.

"त्यानं न सांगता उघडली, साहेब," प्रेमानंद म्हणाले.

साहेबांनी चाचांकडे पाहिलं. चाचा जमिनीकडे पाहत राहिले.

साहेब लिहू लागले.

आणि...

ठण्.

पेन थांबला.

ठण्...

आवाज मशीनच्या पोटातून येत होता.

ठण्.

चाचांचा हात वर गेला. "बटन नोका दाबू. आत मानूस हाये."

"जाळी बंद असताना आत कोण जाईल?" साहेबांनी विचारलं.



साहेबांनी टॉर्च लावून जाळीतून पाहिलं. चाकं. चिकटलेला थोडा कापूस. बाकी काही नाही.

"उंदीर असन," प्रेमानंद म्हणाले.

"मग करा चालू," साहेब म्हणाले.

प्रेमानंदांनी मेन स्विच वर केला. बोट बटणापाशी नेलं...

तिथेच राहिलं.

आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. बाहेर आल्याच्या त्या एका ठोक्याची.

तो आला नाही.

आत कोण होतं, मला माहीत नाही. अजूनही त्या रस्त्याने जाताना माझे कान तिकडेच असतात.

प्रेमानंदांनी हात मागे घेतला. कपाळ घामाने ओलं होतं. साहेब कुणीतरी बोलायची वाट पाहत होते.

मला भाऊ आठवला. आईची पकड आठवली.

"साहेब," मी म्हणाले, "जाळी नव्हती. मी पाहिलंय. आणि बाबा कधीच न सांगता आत गेले नाहीत. लिहा."