काचघरातला तिसरा दिवा

सरांच्या काचघरात दिवे कुठे लावायचे, ते ठरवायला वायरमनची पोरगी मुद्दाम दिवेलागणीला गेली. अंधार पडला की काचेचा आरसा होतो. दिवा चुकीच्या जागी लागला तर झाडं राहतात बाजूला, माणूस स्वतःचंच तोंड बघत बसतो. म्हणून आधी बॅटरीचे दिवे एकेका जागी ठेवायचे, काचेत काय उमटतं ते बघायचं, मग खुणा करायच्या. ही रीत तिच्या बापाची.

सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. आत ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास कोंडलेला, आणि त्यात हे खुर्चीत रेललेले.

"कॉलेज सोडलंस म्हणे? तुमच्या पिढीत दमच नाही."

"पहिला दिवा कुठे ठेवू, सर?"

"त्या वेलापाशी. आणि नीट कर हं. मागचा वायरमन भरदुपारी पिऊन शिडीवर चढला. पडला, मेला. मला फुकटची पोलिसांची कटकट."

"माझा बाप होता तो," ती म्हणाली. "दारूच्या नुसत्या वासानं मळमळायचं त्याला. मेन स्विचला हात लावू नका, असं तुम्हाला बजावून चढला होता."

थोरामोठ्यांचं बरं असतं, खोटं पचलं की त्याला अनुभव म्हणतात. त्या एका खोट्यानं तिची आई दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पोरीला एवढंच हवं होतं, की म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं खरं बोलावं.

तिनं दिवा लावला. काचेत वेल उमटला, खुर्ची उमटली, सर उमटले. आणि पार वर, शिडीच्या टोकाला, पाठमोरा एक माणूस.

खोलीत शिडी नव्हती.

पाठ ओळखीची होती. तिच्या छातीत काहीतरी पेटलं.

"का... काचेत कोण आहे?"

"दुसरा कुठे ठेवू?"

"बंद कर ते..."

तिनं दुसरा लावला. माणूस एक पायरी उतरला. तिसरा लावला. आणखी एक. पायरी करकरली, ती काचेत नव्हे, खोलीत. केस जळल्याचा वास आला. सरांना उठायचं होतं, पाय उचलेनात.

"थांबव त्याला... पाया पडतो तुझ्या..."

"मेन कुणी चालू केला?"

"मी... पंख्यासाठी. फार उकडत होतं गं..."

"आणि दारू?"

"खोटं... सगळं खोटं..."

उकडत होतं! एका माणसाचा कोळसा झाला, तो ह्याला घाम आला म्हणून. ऐकल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय. तिनं दोन दिवे विझवले.

"बाबा, ऐकलंस ना? चल आता घरी."

कुणी ओ दिली नाही. तिसऱ्या दिव्याशी तिचा हात घुटमळला. मग तिनं तो तसाच जळत ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

काचेपलीकडे सर खुर्चीत बसलेले होते, हात मांडीवर, तोंड उघडं. समोरच्या काचेत उमटलेली खुर्ची मात्र रिकामी होती. काचेतले सर शिडी चढत होते. खाली बाबा ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता, वर बघत.

आणि काचेत छत नव्हतंच. पायऱ्या वर जातच होत्या.