वाढत्या अंगाचं माप

जुन्नरच्या जुन्या पेठेत शौकत मास्तरांचं राहत्या घरातच शिलाईचं दुकान होतं आणि मास्तरांचा एक हट्ट होता. लहान पोराचा कपडा शिवताना खालच्या घडीत तीन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवायचं. "पोरगं वाढतं राव, कापड वाढत न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे. वर्ष-दीड वर्षानं आईनं घडी उसवून तो दाब सोडावा, पुन्हा टाके घालावेत, की तोच फ्रॉक आणखी एक ईद काढतो. चाळीस वर्षांत मास्तरांचं माप चुकलं असं म्हणणारा माणूस गावात सापडला नसता, आणि सापडला असता तर मास्तरांनी आधी त्याचंच माप काढलं असतं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती लेक इफरा पुण्यात नर्स होती. ती यायची ती सकाळी, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. नात शिफा पाच वर्षांची. तिला एकटीला इथं ठेवायला इफराचं मन धजत नसे. "अब्बा, तुम्हाला सुईत दोरा ओवता येईना, पोरगी काय सांभाळणार?" म्हणायची. मास्तर हसायचे, आणि दोघी गेल्या की दुकानात दिवा न लावता बसून राहायचे. त्या नोव्हेंबरात मात्र इफराला दोन दिवसांचं ट्रेनिंग निघालं आणि तिचा नाइलाज झाला. शनिवारी तिनं शिफाला आणून सोडलं. "हे दोन दिवस नीट गेले ना, तर मे महिन्यात महिनाभर ठेवीन," असं जाताना म्हणाली. मास्तरांनी तो अख्खा महिना तिथंच उंबऱ्यात उभं राहून जगून घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी शिफाला टेबलावर उभं केलं. खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत उंची बावीस इंच, छाती बावीस. टेपनं गुदगुल्या होतात म्हणून ती वळवळत होती. निळा फ्रॉक दोन तासांत उभा राहिला. काजं तेवढी राहिली, कारण जुळता दोरा नव्हता. म्हणून दोघं बाजारात निघाले. शिफाच्या अंगात लाल चौकड्यांचा फ्रॉक होता, तोही मास्तरांनीच गेल्या ईदला शिवून पाठवलेला.

रविवारचा बाजार भरला होता. कोथिंबिरीच्या जुड्या, मेथीचे ढीग, त्यातनं वाट काढणाऱ्या मोटारसायकली. शिफानं मास्तरांचं, म्हणजे तिच्या नानांचं, एक बोट धरलं होतं. तिच्या मुठीत एकच बोट मावायचं.

दोऱ्याचा रंग ट्यूबलाइटखाली बघू नये, उन्हात बघावा, हा शिंप्याचा नेम. शाहनवाजच्या सुई-दोऱ्याच्या दुकानात मास्तरांनी निळ्याची दोन रिळं घेतली, एकेका हातात एकेक, आणि एक पायरी उतरून उन्हात धरली. बोट कधी सुटलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. एक फिकट होतं, दुसरं बरोबर. "हेच घिऊ ना गं?" म्हणून ते वळले, तर शेजारी कुणी नव्हतं. दुकानातल्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिली दोन मिनिटं माणूस चिडतो. मग त्याच्या तोंडचं पाणी पळतं. मास्तरांनी बांगड्यांचं दुकान पाहिलं, फुगेवाला पाहिला, गल्लीच्या टोकाला जाऊन आले. घरांच्या कौलांवर शिवनेरीचा कडा नेहमीसारखा उभा होता. परत येताना वळणावर, एका बंद दुकानाच्या पायऱ्यांपाशी त्यांच्या कानात दडे बसले. बाजाराचा गलका एकदम लांब गेला, अंगाला गार लागलं, आणि चार पावलांवर सगळं पुन्हा होतं तसं झालं. त्यांना वाटलं, रक्तदाब असेल. ते तिथनं तीनदा गेले आणि तिन्ही वेळा तसंच झालं.

"चाचा, मशिदीच्या भोंग्यावरनं नाव पुकारू का?" शाहनवाज म्हणाला. "मिनटात सापडंल."

मास्तर थांबले. भोंग्यावर नाव गेलं की गावभर झालं, आणि कुणाच्या तरी फोनवरनं तासाभरात पुण्यात. त्यांना मे महिना दिसला.

"नको," ते म्हणाले. "आसंल हितंच. मी बघतो."

अकरा चाळीसला त्यांना हाक आली. "ओ बाबा, ही तुमची पोर का?"

डोंगरातल्या आहुप्याकडून हिरडा विकायला येणारी सोनीबाई त्या बंद दुकानाखालीच बसली होती. तिच्या पोत्याच्या मागं, पायरीवर, गुडघे जुळवून शिफा बसली होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिला उराशी धरलं. ती रडली नाही.

"बाई, ही कवा आली हितं?"

"मगाधरनं हितंच हाय. तुमी तीनदा तिच्या म्होरनं गेला."

"मला न्हाई दिसली."

सोनीबाईनं हिरडे उगाच सारखे केले. "ती उठून हुबी ऱ्हायची. तिसऱ्या टायमाला उठली न्हाई."

"वीस मिंटं तर झाली."

सोनीबाई शिफाच्या पायांकडं बघत होती. पायात सकाळच्या चपला नव्हत्या आणि टाचांना भेगा होत्या.

"न्या घरी," ती म्हणाली.

घरी जाताना शिफानं नानांचं बोट धरलं नाही. अख्खा हात धरला.

दुकानात आल्यावर मास्तरांनी तिला निळा फ्रॉक घातला. तो गुडघ्याच्या वर राहिला. पाठीचे दोन्ही पदर एकमेकांना भेटेनात. त्यांनी टेप लावला. उंची साडेचोवीस. टेप बदलून पाहिला, चष्मा पुसून पाहिला, तरी साडेचोवीस. ती या वेळी वळवळली नाही. माप कसं द्यायचं ते ठाऊक असल्यासारखी हात जरा बाजूला धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना वाटलं, आपलं सकाळचं माप चुकलेलं असू दे.

मग त्यांनी उतरवलेला लाल फ्रॉक हातात घेतला. सकाळचा लाल रंग विटकरी झाला होता. कापड शंभरदा धुतल्यासारखं मऊ पडलं होतं. खालची घडी उसवलेली होती, तिन्ही बोटांचा दाब सोडलेला होता आणि काठाला हातानं टाके घातलेले होते. टाके बारीक आणि एकसारखे होते. पेठेतल्या सगळ्या शिवणाऱ्या बायांचा हात मास्तर ओळखायचे. हा हात त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"शिफा, ही घडी कुनी सोडली?"

"त्यांनी."

"कुनी?"

ती विचार करत राहिली. नाव सांगता येत नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं टेबलावरची सुई उचलली, एका दमात दोरा ओवला आणि सुई नानांच्या हातात दिली.

"मी रोज कान देऊन ऐकायचे," ती म्हणाली. "भोंग्यावर बाकीच्यांची नावं यायची. माझं नाव कुणी पुकारलंच नाही, नाना."

मास्तरांना खूप रडू आलं. ते मशीनमागच्या स्टुलावर जाऊन रडले. हे ज्याला सांगावं असं माणूस त्या घरात उरलं नव्हतं. बायको असती तर तिनं आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग हात धरला असता. दिवेलागणीला इफराचा व्हिडिओ कॉल आला. तो त्यांनी घेतला नाही, साधा फोन लावला आणि झोपलीय म्हणून सांगितलं. शिफा समोर बसून ऐकत होती. खोटं का बोललात, असंही तिनं विचारलं नाही.

सोमवारी त्यांनी निळ्या फ्रॉकचा खालचा दाब सोडला, बगलेतला सोडला आणि काजं केली. फ्रॉक अंगाला अगदी बेतानं बसला. टाचांना त्यांनी तेल चोळलं. लाल फ्रॉक ट्रंकेच्या तळाशी गेला. वागणं शहाण्या पोरीसारखं होतं. जेवल्यावर ती स्वतःचं ताट धुऊन पालथं घालायची.

पाचला इफरा आली. हातात पिशवी, तोंडावर हसू.

"कशी राहिली?"

"लई गुणाची," मास्तर म्हणाले. एवढे दोनच शब्द बाहेर पडले.

"अगंबाई, उंच दिसतीय की. नानांच्या हातचं मटण मानवलं वाटतं."

मास्तरही हसले. मे महिना अजून शाबूत होता.

इफरानं पिशवी ठेवली, उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात पसरले. "ये."

शिफा जागची हलली नाही. तिनं इफराकडं नीट पाहिलं, केसांकडं, हातांकडं, पुन्हा तोंडाकडं. मग ती नानांच्या जवळ सरकली, टाचा उंच केल्या आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांच्या कानात विचारलं,

"नाना, यांना मी काय म्हणायचं?"