मोठ्या वहिनींची निवड

चष्म्याच्या दुकानात लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता असतो, तसा या दुकानातही होता. पण वाचायचा नवा चष्मा तयार झाला की चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या हाती कवितांचं पुस्तक ठेवायचे. "वाचा बघू मोठ्यानं." अक्षर नीट दिसलं की चष्मा पास, आणि कविता आवडली की पुस्तक वाचायला घरी न्या. शिफारस मात्र ठरलेली. "आमच्या हिच्या फार आवडीचं हे." ही म्हणजे पहिली बायको, वारलेली.

आणि दुसरी? ती तिथंच गल्ल्यामागे काचा पुसत बसलेली असायची. चांगली जिवंत, धडधाकट, आणि कवितांच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हे. माहेरून साड्यांआधी पुस्तकांची पेटी आली होती तिची. पण गिऱ्हाइकं म्हणणार, "वा! मोठ्या वहिनींची निवड म्हणजे काय विचारता!" हिच्या अंगाचा नुसता तिळपापड. मोठ्या म्हणे! गेली ती गेली, वर बढतीही घेऊन बसली. सवत मातीची असली तरी सवतच, लोक उगाच नाही म्हणत.

एका दुपारी चष्मेवाले काचा घासून आणायला कारखान्यात गेले. आभाळ भरून आलं होतं, दुकानात अंधारल्यासारखं झालं होतं. भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमा रांगेनं समोर बघत होत्या. तिनं सवतीचं पुस्तक खणात कोंबलं आणि स्वतःचं, अगदी जिवापाड जपलेलं पुस्तक काढून ठेवलं.

शिवणकाम करणाऱ्या मावशी चष्मा न्यायला आल्या.

"आज हे वाचा मावशी. माझ्या आवडीचं."

मावशींनी चष्मा चढवला. "'उन्हानं अंगण सोडलं, सावलीनं घर धरलं...' बाई गं, किती स्वच्छ दिसतंय." मग त्यांचा आवाज खाली उतरला, सावकाश झाला.

"'पुस्तक दिलं तेव्हा हातही पुढे केला होता मी... तू पुस्तक तेवढं घेतलंस...'"

तिनं पुस्तक हिसकावूनच घेतलं. ही कविता तिला तोंडपाठ होती. त्यात असली ओळ नव्हती, पानावरही नव्हती. "परत वाचा." मावशींनी परत वाचलं. तीच ओळ, तोच खालचा आवाज. आणि कुठून कोण जाणे, दुकानात आजारी माणसाच्या बंद खोलीचा वास येऊ लागला. औषधाचा, घामाचा, न उघडलेल्या खिडक्यांचा.

"अंगावर काटा आला," मावशी म्हणाल्या. "मोठ्या वहिनींचीच निवड ना?"

"माझी!" ती ओरडलीच. "माझी आहे, कळलं?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यामागे पाहिलं. चष्मा तिथंच टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

तिनं मागे वळून बघितलं नाही. भीती वाटत होती, नाही कशी म्हणू? पण भीतीपेक्षा चरफड मोठी. चष्मेवाले परत आले, त्यांना टेकूही न देता तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "आजपासून गिऱ्हाइकांना हे द्यायचं."

त्यांनी ते उघडलं नाही. बांधणीवरून नुसतं बोट फिरवलं.

"हे... तुझ्याकडे कुठून आलं?"

"का?"

"बांधणी उसवली होती. मीच शिवली, चष्म्याच्या दोरीनं. ही बघ..." त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तिला स्मशानात नेलं तेव्हा चितेवर तिच्या हातात ठेवलं होतं मी. याच हातांनी."

"ग्रंथालयात एका बाईंनी दिलं... लग्नाच्या आधी. मी कविता शोधत होते, तर म्हणाल्या, 'हे वाच. तुझ्या नवऱ्याला आवडेल.' मला हसू आलं. म्हटलं, नवरा आहे कुठं अजून?"

त्यांनी पुस्तक अलगद टेबलावर ठेवलं. आणि खरं सांगते, एवढ्या भीतीतही तिला डाचलं ते वेगळंच. बघायला आले तेव्हा चष्मेवाल्यांनी आवडती कविता विचारली होती. तिनं हीच म्हटली आणि त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. इतके दिवस तिला वाटत होतं, यांनी मला निवडलं. कुठलं काय! तिचीसुद्धा कुणीतरी शिफारस केली होती. रागानं तिला रडू फुटलं.

तेवढ्यात दार लोटून एक मुलगी आत आली. उंच, हसऱ्या चेहऱ्याची. चष्मा तयार होता. चष्मेवाल्यांनी तो पुढे केला.

दुसरी बायको उठली ती पुस्तक चुलीत घालायच्या इराद्यानं. पण तिच्याच हातांनी ते उघडलं, त्या मुलीच्या हातात ठेवलं. आणि तिच्याच तोंडून, पण तिला कधी जमला नव्हता इतक्या मायेच्या, खालच्या आवाजात शब्द आले, "हे वाच. तुझ्या नवऱ्याला आवडेल."

मुलगी खुदकन हसली. "काय हो काकू, नवरा आहे कुठं अजून?"

चष्मेवाल्यांनी मान वर केली आणि त्या मुलीकडे पाहिलं.