पाच नंबर आणि माएस्त्रो

तो पाठमोरा पळत आला आणि सरळ माझ्यावर आदळला.

पहाटे साडेपाचला इलोइलोच्या हारो भागातल्या त्या पत्र्याच्या छपराच्या बास्केटबॉल कोर्टवर माझ्याशिवाय कुणी फिरकत नसे. बाहेर भुरभुर पाऊस, मी खाली बसून गुडघ्याला पट्टा बांधतेय — आणि हा गळ्यात शिट्टी अडकवून, एक हात वर करून उलटा धावत सुटलेला!

"दिसत नाही का?" मी ओरडले.

"पाठीला डोळे नाहीत हो माझ्या."

"मग सरळ पळा ना, चार माणसांसारखं!"

"रेफरीला उलटंच पळावं लागतं, इंदाय. खेळाडूंकडे पाठ करून कसं चालेल?" इकडे कुठल्याही पोरीला 'इंदाय' म्हणतात.

उठवायला त्यानं हात पुढं केला. मी घेतला नाही. ऑपरेशनला आठ महिने झाले होते. उठायचं ते आपल्याच पायावर, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही डोराय हिनोलान. पाच नंबर."

"होते."

"होते म्हणजे? नंबर काढून घेतला का?"

"अजून नाही..."

"मग 'आहे' म्हणा की!"

मला हसू आलं. आठ महिन्यांत असं मला कुणी दटावलंच नव्हतं. सगळे नुसते हळहळत होते.

माझं वय एकोणतीस, उंची पाच फूट दोन इंच. नऊ वर्षं मी इलोइलोच्या संघाची पॉइंट गार्ड. बॉल पुढं न्यायचा आणि कुणाला द्यायचा ते ठरवायचं, हे माझं काम. पहिली सहा वर्षं बसभाडं आणि जेवण एवढ्यावर खेळलो. मग लीग व्यावसायिक झाली, करार आला, आणि तिसऱ्याच हंगामात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. क्लबनं एकवीस वर्षांची क्रिसेल घेतली. कोच नेनिंग मला म्हणाल्या, "हंगामाआधी सलग वीस मिनिटं खेळून दाखव, डोराय. नाहीतर ये मुलींना शिकवायला. तुझी जागा आहे तिथं."

मला शिकवायचं नव्हतं. मला खेळायचं होतं.

तो शिट्टीवाला, डेल्फिन पालमारेस, मात्र शिकवायचाच. हायस्कूलमध्ये गणित. सहा वर्षं शाळांच्या मॅचना शिट्टी मारत होता. आता त्याला लीगच्या रेफरीची परीक्षा द्यायची होती. मी त्याला 'माएस्त्रो', म्हणजे मास्तर, म्हणू लागले. आधी चिडवायला... मग सवयीनं.

तीन महिने रोज पहाटे आम्ही त्या कोर्टवर. तो हात पसरून माझ्यासमोर उभा राहायचा, मी त्याला चुकवून जायचे.

टुर्रर्र!

"आता काय झालं?"

"बॉल हातात धरून पाय सरकला."

"काडीएवढा!"

"काडीएवढा सरकला म्हणजे सरकला."

"माएस्त्रो, तुझ्याशी लग्न करणारीचं काय होणार रे?"

"तिला नियम आधीच सांगून ठेवीन," असं म्हणत तो वळला. कान लालबुंद झाले होते. आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

छप्पर एका कोपऱ्यात गळायचं. मी पोचायच्या आधीच तिथली जमीन कोरडी पुसलेली असायची, आणि माएस्त्रोचा टॉवेल पिळून कठड्यावर वाळत घातलेला.   सरावानंतर पायरीवर बसून आम्ही गरम पांदेसाल पाव कॉफीत बुडवून खायचो. बोटाला बोट लागलं की दोघंही पावसाकडे बघायचो...

मी कोचना वीस नाही, बावीस मिनिटं खेळून दाखवली. त्याच आठवड्यात तोही पास झाला. लापासच्या बाजारात बाचोय नावाच्या शेवयांच्या रश्श्याचे वाफाळते वाडगे समोर घेऊन बसलो होतो.

"मॅचमध्ये मला शिट्टी मारशील?"

"चुकलीस तर मारीन."

"आणि नाही चुकले तर?"

तो वाडगा तोंडाला लावून रस्सा पीत राहिला.

हंगामात आम्ही उपांत्य फेरी गाठली. त्या मॅचच्या रेफरींमध्ये डेल्फिनचं नाव होतं — त्याची लीगमधली पहिलीच मोठी मॅच. आणि नेमका तेव्हापासून तो पहाटे यायचा बंद झाला. चार दिवस. फोन उचलेना. मॅचच्या दिवशी यादी बघते, तर त्याचं नावच खोडलेलं.

पळाला, मी मनात म्हटलं. ऐन वेळी पळाला!

मॅचला तासभर असताना लीगच्या ऑफिसमधल्या मानांग पुरिंग, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, फाईल घेऊन ड्रेसिंग रूममध्ये आल्या.

"इंदाय, सही हवी होती. दुसऱ्या बाजूचं निवेदन."

"कसलं निवेदन?"

"पालमारेसनं लिहून दिलंय की पाच नंबरच्या खेळाडूबद्दल त्याच्या मनात ओढ आहे, सबब त्याला महिलांच्या मॅच देऊ नयेत. नियमाप्रमाणे तुलाही विचारावं लागतं — तुझ्याकडून आहे का तसं काही?"

 बूट बांधता बांधता क्रिसेल थांबली.

"मला तर तो एका शब्दानं बोलला नाही!"

"आम्हाला तीन प्रतींत बोललाय," मानांग म्हणाल्या.

हास्याचा नुसता स्फोट झाला. माझं तोंड तापलं. सहा वर्षं ज्या लीगच्या शिट्टीची वाट बघितली, ती या वेड्यानं अर्ज लिहून परत केली होती...

"कागद ठेवून जा, मानांग," मी म्हटलं. "आधी मॅच."

शेवटचे अकरा सेकंद. आम्ही एका गुणानं मागं, बॉल माझ्याकडे, गुडघा ठणकतोय. सगळ्यांना वाटलं, मीच मारणार. दोघीजणी माझ्यावर धावून आल्या. मी त्यांना आणखी जवळ येऊ दिलं... आणि त्यांच्या काखेखालून बॉल कोपऱ्यातल्या क्रिसेलला दिला. माझी जागा घ्यायला आलेली ती पोरगी. तिनं उडी मारली, आणि जाळी सळसळली.

जिंकलो! कोच नेनिंग माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "शिकवायची जागा दुसऱ्या कुणाला देते मी."

तो तिसऱ्या रांगेत उभा होता. भोवती सगळे नाचत होते, हा मात्र हात बांधून. मी कागद घेऊन पायऱ्या चढले. एकेक पायरी, दुखत्या पायानं.

"टाळ्यासुद्धा नाहीत?"

"सवय नाही. रेफरी टाळ्या वाजवत नाहीत."

"सहा वर्षं घालवलीस, माएस्त्रो. का?"

"पुरुषांच्या, शाळांच्या मॅच आहेत की मला..." तो अडखळला. "गेल्या आठवड्यात सरावाला तुझा पाय सरकला, डोराय. मी बघितलं. आणि शिट्टी वाजवलीच नाही. घरी आलो, झोप लागेना. कुणासाठी कधी असं केलं नव्हतं मी. म्हटलं, आता आपण तुझ्या मॅचला उभं राहायच्या लायकीचे उरलो नाही."

 एवढं सरळ प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं.

"लीगला सांगितलंस. आता मला सांग."

"आवडतेस तू मला," तो पुटपुटला. "फार... फार आवडतेस."

त्याच्या खिशातलं पेन काढून मी त्याच्याच खांद्यावर कागद ठेवला, 'आहे' असं लिहिलं आणि सही केली. मग त्याचा हात धरला — घट्ट.

"पण ऐक. परवा फायनल आहे. उद्या पहाटे कोर्टवर ये, आणि पाय सरकला की शिट्टी मारायची. माझे लाड नकोत मला."

"काडीएवढा सरकला तरी?"

"काडीएवढा सरकला तरी."