उंबऱ्यापर्यंत पाच पावलं

वरळीच्या बीडीडी चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलेलं दिसलं, तर शेजारीण कडी वाजवून विचारणार, "काय गं, बरं नाही का?" त्यामुळे लवू त्या दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सरळ आत शिरला, यात त्याचा फार दोष नव्हता. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या, दोनदा खोकलाही होता. पण आत पाट्यावर मिरची-लसूण वाटणाऱ्या मुलीनं मान वर केली, आणि तिच्या हातातला वरवंटा होता तिथंच थांबला.

"या घरात न विचारता शिरलेल्या माणसाचं काय होतं, ठाऊक आहे?"

"तेच बघायला आलोय," तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे... पिक्चरसाठी. आकांक्षा मॅडमचा फोन आला होता ना?"

आला होता. आकांक्षा ही दिग्दर्शिका. तिच्या पिक्चरमध्ये दोन चोर एकट्या मुलीच्या घरात शिरतात, सोपी शिकार समजून, आणि पुढे दीड तास त्या चोरांनाच पळता भुई थोडी होते. लवू तिचा सहायक. खोलीची मापं घ्यायची, कोण कुठून कुठं गेलं ते खडूनं जमिनीवर आखायचं, म्हणजे स्टुडिओत तश्शी खोली उभी करता येते. चाळ वर्षभरात पाडायची होती, म्हणून घाई. आणि जिच्यावरून हे सगळं सुचलं ती ही संघमित्रा. दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला सगळी चाळ मिरवणुकीत होती, आणि ही तापानं घरी पडली होती. चोर शिरला, अंगावर आला, हिनं वरवंट्यानं त्याला आडवा केला. मंडळानं शाल दिली, सन्मानचिन्ह दिलं, आणि चाळ तिला वाघीण म्हणू लागली. स्थळं मात्र येईनाशी झाली. वाघिणीचं कौतुक सगळ्यांना. सून करून घ्यायची म्हटली की जो तो घड्याळ बघतो.

"हाच का तो वरवंटा?" लवूनं विचारलं.

"तो पोलिसांनी नेला. पाटा जुना, हा नवा. अजून एकमेकांवर नीट बसत नाहीत."

"बसतील हळूहळू."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "नाव काय तुझं?"

"लवू."

"हे आजोबांचं नाव असतं."

"आजोबांचंच आहे. लालबागची खोलीपण त्यांचीच. माझं स्वतःचं म्हणशील, तर एवढा खडू."

संघमित्रा हसली. हसली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तो येत राहिला. परळच्या एका लॅबमधली सकाळची पाळी संपवून ती दोनला घरी यायची. हा सव्वादोनला हजर. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, विहारात रोज धम्मग्रंथ वाचला जायचा, त्यामुळे तिची आई, बकुळाबाई, दुपारी तिथं वाचनाला जायच्या. जाताना म्हणायच्या, "दार उघडंच ठेवा रे." चाळीत उघडं दार म्हणजे दहा आया राखणीला.

"एवढी काय मापं असतात रे दहा बाय सोळाच्या खोलीत?" ती विचारायची.

"खिडकी राहिली."

"खिडकी काल झाली."

"काल पाऊस नव्हता. पावसात खिडकी वेगळी दिसते..." आणि तो खिडकी सोडून तिच्याकडेच बघत राहायचा. तिरक्या सरी गजांवरून आत उडायच्या, तिच्या हातावर थेंब बसायचे, आणि ती ते पुसायची नाही. त्यानं लालबागहून चिवडा आणावा, तिनं त्याला ठेचा-भाकरी वाढावी, त्याच्या डोळ्यांतून पाणी यावं आणि तरी त्यानं "तिखट नाहीये" म्हणावं. दोघांनाही काय होतंय ते कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

संघमित्राला तर रात्री झोप येईनाशी झाली. कारण साधं होतं. त्याला भेटलेली ती वाघीण खोटी होती. त्या चौदा एप्रिलपासून विहारात पंचशील म्हणताना, जीवहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील आलं, की तिचे ओठ नुसते हलायचे. आवाज फुटायचा नाही. शेजारी बसलेल्या आईलाही ते कळलं नव्हतं. खरं सांगितलं तर हा जाईल. आणि नाही सांगितलं तर राहील, पण भलत्याच मुलीसाठी राहील.

एका दुपारी लवू म्हणाला, "आज शेवटचं काम. मी चोर. तू म्हणजे तूच."

त्यानं खडूनं खुणा केल्या. इथं कॉट, इथं कपाट, कॉटखाली पाटा-वरवंटा. तो कपाटाशी उभा राहिला, वळला, नाटकीपणानं हात पसरून तिच्या अंगावर आला. तिनं रिकामी मूठ उगारली, आणि ती मूठ त्यानं हवेतच धरली. क्षणभर जास्तच धरली.

"मेलो," तो हळूच म्हणाला. "आता पडायचं कुठं? त्या पलीकडच्या काकू सांगत होत्या, उंबऱ्यावर पडलेला. डोकं बाहेर, पाय आत."

तो हसत हसत मोजायला लागला. कपाटापासून एक, दोन, तीन... चौथं पाऊल त्यानं सावकाश टाकलं. पाचवं टाकलं तेव्हा तो उंबऱ्याशी होता, आणि त्याचं तोंड बाहेर, खोल्यांमधल्या बोळाकडे होतं. अंगावर आलेला माणूस कॉटपाशी पडायला हवा. तो उंबऱ्यावर पडलेला सगळ्या चाळीनं पाहिला होता, पण पावलं कुणी मोजली नव्हती.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. "निघतो," एवढंच म्हणाला. पिशवी घेतली, खडू विसरला.

चार दिवस तो आला नाही. जमिनीवरच्या खुणा पाहून बकुळाबाईंनी विचारलं, "हे पुसू का गं?" "राहू दे," संघमित्रा म्हणाली, आणि केर काढताना खुणांच्या कडेकडेनं झाडू फिरवत राहिली. चौथ्या दिवशी तर तिनं मनाची समजूतही घातली. गेला, बरं झालं, लवकर गेला.

पाचव्या दिवशी सव्वादोनला बाहेर कुणीतरी दोनदा खोकलं.

"मॅडमना काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"माप जमत नाही म्हणून."

"जमलंय तुला."

त्यानं पाट्याकडे पाहिलं. वरवंटा आज कॉटखाली नव्हता, पाट्यावरच होता, तिच्या हाताशी.

"उभा राहा," ती म्हणाली. "चोराच्या जागी. तिथं नाही... उंबऱ्याशी. आणि दाराकडे तोंड कर."

लवू जाऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून.

"मी ओरडले तेव्हा आईची पोत त्याच्या हातात होती," ती म्हणाली. "त्यानं ती खाली ठेवली. हात जोडले. म्हणाला, ताई, जातो. आणि निघाला रे तो. पाच पावलं. मी मागून गेले."

"ताप होता तुला."

"ताप होता. पण मारलं ते रागानं. तो चाललाय हे मला दिसत होतं. लोक धावत आले. कुणीतरी म्हणालं, अंगावर आला असेल. मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. मग शाल आली... वाचला तो. पण उजवा हात लुळा पडला. गंगाधर नाव त्याचं. नायगावला बहिणीकडे असतो. महिन्यातून एकदा मी त्या गल्लीतून जाते. पायरीवर बसलेला असतो, डाव्या हातानं चहा पितो. मला ओळखत नाही."

बोळात कुणाचा तरी कुकर शिटी देऊन गप्प झाला. लवू अजून तसाच उभा होता, आणि संघमित्राच्या आता लक्षात आलं. सगळं ठाऊक असून हा माणूस त्याच जागी, उघडी मान तिच्याकडे करून, इतका वेळ उभा आहे.

"भीती नाही वाटत?"

"चार दिवस वाटली."

"माझी?"

"तू कधी सांगणारच नाहीस, याची. मग मी काय केलं असतं, मला माहीत नव्हतं. मला तू आवडतेस, संघमित्रा. वाघीण पहिल्या दिवशीही नको होती. ती मॅडमना हवीये, पिक्चर त्यांचा आहे, त्यात तो अंगावरच येईल. मी त्यांना काही सांगणार नाही. तुझं काय करायचं ते तू ठरव... वळू का?"

"नको."

ती उठली. एक, दोन, तीन, चार, पाच. त्याच्या मागे येऊन थांबली आणि त्याच्या मानेवर, केस संपतात तिथं, तिनं आपला तळहात ठेवला. लवूच्या अंगावर काटा आला, पण तो हलला नाही. तळहाताला वाटलेल्या मिरचीची आग अजून होती.

"झोंबतंय का?"

"तिखट नाहीये," लवू म्हणाला.

ती रडत होती आणि हसतही होती. जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. विहारातलं वाचन सुटलं होतं.

"आता वळ," ती म्हणाली. "आई येतेय. तिला आज सांगायचंय. मग त्या गल्लीत जायचंय, या वेळी थांबायला. तू..."

"आहे ना मी."

"मग दारात नको उभा राहूस. आत ये."

लवू उंबऱ्यापासून पाच पावलं आत आला आणि कॉटच्या कडेला बसला. बकुळाबाई दारात पोचल्या, ओली छत्री भिंतीला टेकवून दोघांचे चेहरे पाहू लागल्या. संघमित्रानं त्यांच्यासाठी पाट सरकवला.

"आई, बस," ती म्हणाली. "आणि जरा दार लाव."