वरून तिसरं बटण

दरीच्या काठाने जाणारी ती पायवाट इतकी सोपी, की दमल्याचं निमित्त करून बसायचीही सोय नाही. रविवारची सकाळ होती आणि चिटपाखरू दिसत नव्हतं. म्हणून मी मनसोक्त रडत चालले होते... आणि वळणावर थेट कुणाच्या तरी छातीवर आदळले.

"अरे बापरे! तुम्ही?"

"तुम्ही?" मी जवळजवळ किंचाळलेच.

आमच्या गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करतो, तो घड्याळजी! ह्याच्या शर्टाचं वरून तिसरं बटण मी दर आठवड्याला लावायचे आणि ते दर आठवड्याला निघायचं. आत्याच्या शिलाईच्या दुकानात मी जीव ओतून काम शिकले होते. कालच तिने बजावलं होतं, "हा शर्ट अजून एकदा परत आला, तर मशीनवरून ऊठ आणि इस्त्रीला लाग."

"रडत होतात?"

"वाऱ्याने पाणी येतंय डोळ्यांत."

"वारा कुठाय?"

वारा नव्हताच. मी नजर खाली वळवली, तर तेच बटण पुन्हा लोंबकळत होतं!

"हलू नका." माझ्या बॅगेच्या पट्ट्यात सुईदोरा कायम खोचलेला असतो. मी इतकी जवळ सरकले, की त्याच्या साबणाचा वास आला. दोऱ्याला बोट लावलं आणि हादरलेच. तो झिजला नव्हता, तुटला नव्हता. पात्याने नीट अर्धा कापला होता. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि दरीच्या काठावर ते मुळीच परवडत नाही.

"तुम्ही... कापता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "उद्या दुकानात यायची तयारी होती... बटण लावताना तुम्ही जिभेचं टोक बाहेर काढता ना... ते बघायला—"

"माझं मशीन सुटणार होतं तुझ्यापायी! मला वाटायचं, माझ्याच हातात दोष आहे... मूर्खा!"

दरीनेही त्याला दोनदा मूर्ख म्हणून घेतलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्यांना आजच सांगतो. सगळं. कात्री घेऊन धावल्या तरी." मग हळूच म्हणाला, "पण तू मला... 'तू' म्हणालीस."

म्हणाले होते खरी. राग कुठे गेला, कळेना. मला हा माणूस आवडत होता, कधीपासूनच! सगळ्यात मोठा धक्का मला त्याचाच बसला.

मी बटणाला हिसका दिला आणि ते सरळ दरीत भिरकावलं.

"अगं! तसं बटण आता कुठे मिळायचं?"

"नाहीच मिळायचं. आधी आत्या. मग आपण दोघं बाजारात, सगळी बटणं नवी घ्यायला. आणि हाच शर्ट घालून ये... बटणाचा रंग अंगावर लावून बघावा लागतो."